परक्या लाइनवरचा होकार

या मंडळी, जरा पुढे सरका, आज माइक नाही. एका होकाराची कथा सांगतो, मन लावून ऐका.

पत्र येणं ही कृपा आणि पत्र जाणं ही परवानगी, हा या युगाचा धर्म आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या तो श्रद्धेनं पाळतात. आलेली ईमेल कोणाच्याही लाइनवर उघडा, हरकत नाही. पाठवायची मात्र आपल्याच कंपनीच्या लाइनवरून. परक्या लाइनवरून आलात, की तुमचा स्वतःचा सर्व्हर तुम्हाला ओळख देत नाही. (सासरी गेलेल्या मुलीच्या बाबतीत आपण याहून कडक होतो.)

आपल्या परदेशीपुरा मोहल्ल्यातले सुधाकरराव कापडाची मिल बंद पडेपर्यंत तिच्या फाटकावर टाइमकीपर होते. पुण्याच्या एका कारखान्यानं त्यांना ईमेलनं नोकरी देऊ केली: उद्या पाचच्या आत होकार ईमेलनंच कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावू. दुसऱ्या दिवशी घरचा फोन मेला, त्याच्याबरोबर इंटरनेटही. सुधाकरराव सियागंज बाजारात भाची यामिनीच्या ऑफिसात गेले. तिथली लाइन दुसऱ्या कंपनीची.

"मामा, तुमचा सर्व्हर मना करतोय. बाहेरच्या लाइनवरून घेत नाही म्हणे."

"बरोबर करतोय. मी तरी दुसऱ्या मिलचा माणूस आत सोडत होतो का?"

"सीधी बात आहे. पाठवायच्या सर्व्हरच्या जागी इथल्या कंपनीचं नाव टाकते. पत्ता तुमचाच राहील."

"म्हणजे वर्गणी एका युनियनची आणि मोर्चा दुसरीचा? नको गं."

"अहो मामा, डब्बा आहे तो. त्याला काय वाईट वाटणार?"

"मला वाटेल ना."

सुधाकरराव टेंपोनं परत परदेशीपुऱ्यात आले. तिथं ओळखीच्या कृष्णरावांकडे सुधाकररावांच्याच कंपनीचं कनेक्शन होतं. सर्व्हरनं घरचा माणूस ओळखला, होकार सन्मानानं रवाना झाला. तेव्हा सहा वाजत आले होते. पुण्याचं उत्तरही तत्परतेनं आलं: जागा भरली.

हसलात? हसा. आपण शहाणे. मिलचा भोंगा थांबला त्याच आठवड्यात आपण सेटिंग बदललं: नवा मालक, नवा झेंडा, नवा जयजयकार. पत्ता तेवढा जुना ठेवला, लग्नपत्रिका येत राहाव्यात म्हणून.

तर मंडळी, सुधाकररावांची आठवण असू द्या. आरतीच्या वेळी नव्हे, देवाच्या ते ध्यानात आहेतच. तुमच्या ऑफिसात जागा निघेल तेव्हा.