नूरबानूच्या धामणीचा गोठा

एकोणीसशे एकतीस सालच्या मार्गशीर्षात कोळवट बंदरातल्या नूरबानूने एक साप पाळायला घेतला. ती विधवा होती आणि नवऱ्यामागे भाताची वखार चालवत होती. वखारीत उंदीर फार झाले होते. साऱ्या गावाने पुढच्या पेरणीसाठी तिच्याकडे ठेवलेले बियाणे ते पोत्यांच्या तळापासून खात होते. पेंढा हलवताना हमाल येसाजीला हातभर लांबीचे धामणीचे पिल्लू दिसले. त्याने काठी उगारली, तेव्हा नूरबानूने ती वरच्यावर धरली.

"बीबी, साप हाय तो."

"धामण आहे. मोठी होऊ दे. उंदीर तीच बघेल."

तिने चहाच्या रिकाम्या खोक्याला एका बाजूने जुन्या तसबिरीची काच बसवली. तापलेल्या खिळ्याने भोके पाडली, पण पिल्लाचे डोके शिरणार नाही एवढीच. तळाला कोरडा पेंढा, लपायला पालथी करवंटी, पाण्याला पणती, झाकणावर वरवंटा. खोके चुलीमागच्या भिंतीशी ठेवले, कारण तिथे ऊब असे. दोन दिवस पिल्लू करवंटीखालून निघाले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एक बेडकी गिळली, आणि नातवाने पहिला घास घ्यावा तसे नूरबानूला वाटले.

त्याच आठवड्यात तलाठी शिवदास गुरांच्या मोजणीला आले. माणूस प्रामाणिक होता. घरात पाळलेले प्रत्येक जनावर लिहावे असा हुकूम असल्याने त्यांनी तक्ता भरला: जात, धामण. वय, लहान. शिंगे, नाहीत. दूध, देत नाही.

महिन्याभराने वरच्या कचेरीतून विचारणा आली, की सदरहू पिल्लू आईचे दूध पिते काय. पीत नाही, असे नूरबानूने कळवले. त्यावर हुकूम झाला की दूध न पिणारे पिल्लू आजारी समजावे. साथ पसरू नये म्हणून ते वस्तीपासून पन्नास हात दूर, नियमातल्या मापाच्या गोठ्यात दाव्याने बांधावे. कसूर झाल्यास जनावर जप्त होईल.

जप्तीला येणारा शिपाई हातात काठी घेऊनच येतो, हे नूरबानूला ठाऊक होते. तिने गोठा बांधायला घेतला. बियाणे सगळ्यांचेच, म्हणून गावही राबले. छातीइतकी दगडी भिंत उभी राहिली, म्हशींना पुरेल एवढी पाण्याची डोण बसली, खुंटा ठोकला. राहिले दावे. ते मानेला बांधावे, असे नियमात स्पष्ट होते.

"तलाठीसाहेब, मान कुठे संपते तेवढं दाखवा," नूरबानू म्हणाली.

शिवदासांनी पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत दोनदा न्याहाळले आणि खुलासा मागवला. खुलासा येईपर्यंत दावे सापाशेजारी ठेवण्याची तात्पुरती परवानगी मिळाली.

फाल्गुनात अव्वल कारकून तपासणीला आले. नूरबानूने खोके उघडले आणि पिल्लू दोन्ही हातांनी गोठ्यात सोडले. कारकुनांनी टाक बुडवून "व्यवस्था समाधानकारक" असे लिहायला घेतले. 'समाधान' लिहून होईतो निम्मे पिल्लू भिंतीच्या फटीत शिरले होते. 'कारक' संपले तेव्हा शेपूटही दिसेनासे झाले.

"साहेब, गेलं ते."

"बाई, सही झाली आहे," कारकून मान वर न करता म्हणाले.

तिने आणि येसाजीने दोन दिवस बांध धुंडाळले. पिल्लू सापडले नाही. घरी तिने खोक्यातला पेंढा बदलला, आणि मग तो कुणासाठी बदलला हे लक्षात येऊन तशीच बसून राहिली. उंदरांना कसलीच अडचण उरली नाही. मृगात पोती उघडली तेव्हा निम्म्यांत फोलपटे निघाली, आणि त्या वर्षी गावची निम्मी शेते पेरलीच गेली नाहीत.

जनावर निघून गेल्याचा अर्ज तिने केला. उत्तर आले की ते गोठ्यात असल्याचा दाखला दिलेला आहे. तो दाराशी लावावा आणि डोण रोज भरावी. नूरबानू डोण भरते.

आता तळा, म्हसळा अशा गावांहून लोक गोठा पाहायला येतात. मागे दोन शाळामास्तर आले होते. धामण चांगली वाढली आहे, असे त्यांचे एकमत झाले. वाचकांनीही त्या बाजूला गेल्यास अवश्य जावे. पहिल्यांदा डोकावल्यावर गोठा रिकामा वाटेल. मग दाखला वाचावा आणि पुन्हा डोकावावे. लिहिता-वाचता येणाऱ्या एकाही माणसाला आजवर तिसऱ्यांदा डोकावावे लागलेले नाही.