साडेआठ किलोंची बाळं

राजसच्या वजनाचे पेढे सासूबाईंनी सकाळीच गल्लीत वाटून टाकले.

"अहो आई, एवढ्यात कशाला? आणखी एक महिना जाऊ दे," क्षमा म्हणत राहिली.

"महिना कशाला? कॉम्प्युटर म्हणाला ना छान? तो काय तुझं मन राखायला म्हणेल?" सासूबाईंनी पिशवीत आणखी एक पुडा कोंबला. "दृष्टीचं मी बघते. तू फक्त त्याला उघडा फिरवू नकोस."

त्या कॉम्प्युटरला बोलायला क्षमानंच शिकवलं होतं.

सांगलीला, माहेरी, बी.एस्सी. झाल्यावर तिनं व्हिज्युअल बेसिकचा कोर्स केला होता. लग्न होऊन साताऱ्याला आली, राजस झाला, आणि कोर्सचं सर्टिफिकेट बाळंतविड्याच्या ट्रंकेत गेलं. राजस दहा महिन्यांचा असताना चिंतामण डॉक्टरांनी दवाखान्यात कॉम्प्युटर घेतला. मुलांच्या या डॉक्टरांकडे क्षमा आठवड्यातून दोनदा तरी जायची, बहुतेक वेळा काहीही झालेलं नसताना. डॉक्टर म्हणाले, "नाहीतरी येताच आहात, तर प्रोग्रॅमही करून द्या."

त्यांची अट एकच होती. "पडद्यावर वजनाचा आकडा नको. आकडा दिसला की बाकड्यावर शर्यत लागते. आयांना शब्द दाखवा. गोड शब्द."

क्षमानं दोन शब्द निवडले. वयाच्या मानानं वजन पुरेसं असेल तर 'छान', आणि कमी असेल तर 'वाढतंय'. दुसरा शब्द निवडायला तिला दोन दिवस लागले. तो रोज आपल्याच वाट्याला येणार, हे तिला ठाऊक होतं. मात्र बाकड्यावरच्या बायकांनी आठवड्याच्या आत ओळखलं, की 'वाढतंय' म्हणजे वाढत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटरमध्ये राजसचं पान पहिल्यांदा तयार झालं. त्याला काट्यावर ठेवलं, आकडा आत भरला, आणि पडद्यावर उमटलं, 'वाढतंय'. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पंधरा दिवस बघू. नाही वाढलं, तर सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतो. रक्तबिक्त तपासू या."

रक्त हा शब्द ऐकल्यापासून क्षमाला जेवण गेलं नव्हतं. राजसला मात्र जात होतं. तो नाचणीच्या सत्त्वाची वाटी संपवून चमचाही चावत होता. तिला ते दिसत नव्हतं, असं नाही. पण पाहिलेल्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

काल ती पुन्हा गेली. डॉक्टरांनी राजसचं पान उघडलं, आणि पडद्यावर आलं, 'छान'! क्षमाच्या डोळ्यांत पाणी आलं. काट्यावर ठेवायचं कुणालाच आठवलं नाही. टेबलावर कॉम्प्युटर आल्यापासून काटा कपाटावर जाऊन बसला होता, आणि एखाद्या मुलाचं नवं पान करायचं असेल तेवढ्यापुरताच खाली यायचा. डॉक्टरांना वाटलं, नर्स मनुबाईंनी वजन केलं असेल. मनुबाईंना वाटलं, एवढ्या हजारांचं यंत्र आहे, ते काय स्वतःचं स्वतः बघत नसेल?

पेढे वाटून झाल्यावर सासूबाई, क्षमा आणि राजस दवाखान्यात आले. डॉक्टरांसाठी एक पुडा राखून ठेवला होता. तो द्यायला आत शिरतात, तोच समोर रहिमतपूरच्या रंगूबाई उभ्या. त्यांनी पाच वर्षांच्या नातवाला, वीरधवलला, खोकल्यासाठी दुसऱ्यांदा आणलं होतं.

"काय ल्हिवलंय त्यात?" रंगूबाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"वाढतंय," मनुबाई हळूच म्हणाल्या.

"कोन वाढतंय? ह्यो?" रंगूबाईंनी नातवाला पुढं ओढलं. त्याच्या सदऱ्याची दोन बटणं केव्हाच शरण गेली होती. "आवं डाक्टर, ह्यो बांधावरनं आला तर म्हस वाट देती! मागल्या खेपंला छान हुता. चार दिसांत काय झिजला व्हय?"

"खोकल्यानं उतरलं असेल थोडं," डॉक्टर चाचरले.

"उतरलं तर मलाच आनंद हाय. उचलून माझं कंबरडं गेलंय."

डॉक्टरांनी क्षमाला बोलावलं. "जरा आतला आकडा काढा हो."

क्षमानं राजसला सासूबाईंकडे दिलं आणि आकडा काढला. साडेआठ किलो.

वीरधवलकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. साडेआठ किलो त्याच्या एका मांडीतच भरले असते.

"टायपिंगची चूक," डॉक्टर म्हणाले. "ती मलकापूरची मुलगी बघा, परवा लसीला आलेली. दीड महिन्याची."

साडेआठ किलो.

"आणि मंगळवारची जुळी?"

साडेआठ. साडेआठ.

"साथ आली म्हनायची का वो ही?" मनुबाईंनी घाबरून विचारलं.

क्षमानं न सांगता राजसचं पान उघडलं. तिथंही तेच होतं.

तिला सगळं एकदम दिसलं. पडद्यावरची चौकट तिनं आतल्या नोंदीला बांधली होती, आणि दोन्हींच्या मध्ये एक दुभाषी बसवला होता. बाहेर येताना त्यानं आकड्याचा शब्द करायचा. पण पान मिटताना तोच शब्द माघारी आत जायचा, आणि दुभाष्याला त्याचा पुन्हा आकडा करावा लागायचा. 'छान' म्हणजे किती किलो? 'वाढतंय' म्हणजे किती? याला उत्तरच नव्हतं. तिथं काहीच लिहिलं नाही, तर प्रोग्रॅम अडत होता. तो भाग लिहिला त्या दिवशी राजस मांडीवर रडत होता. तिनं घाईत एक आकडा लिहून टाकला आणि त्याला पाजायला घेतलं. तेव्हापासून ज्याचं पान एकदा उघडून मिटलं, ते मूल साडेआठ किलोंचं झालं.

तिनं हे जमेल तसं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"ते कळलं. पण साडेआठच का? पाच का नाही? दहा का नाही?"

क्षमा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. "ते... राजसचं आहे."

"राजसचं एवढं कुठंय?"

"नाही. व्हायला हवं आहे."

सासूबाईंच्या हातातला पुडा हळूहळू पिशवीत परत गेला. "म्हणजे मी गल्लीत कसल्या आनंदाचे पेढे वाटले?" त्या पुटपुटल्या.

रंगूबाईंनी क्षमाच्या पाठीवर हात ठेवला. "आगं बाय, आमच्या म्हशीच्या दुदाचं बी असलं काय तरी करता येतंय का बघ की."

कुणीतरी हसलं, मग बाकड्यापर्यंत सगळेच हसले. एकटी क्षमा हसली नाही. 'छान' तर खोटं ठरलं होतं, आणि सांगली पुन्हा समोर उभी होती.

"मनुबाई, काटा खाली काढा," डॉक्टर म्हणाले. "राजसपासून सुरुवात."

काटा पुसून टेबलावर ठेवला. राजसचे कपडे उतरवून त्याला काट्याच्या पसरट तव्यावर ठेवलं. थंड लागताच त्यानं दोन्ही पाय झाडले, आणि सुई वाऱ्यावरच्या पताकेसारखी नाचायला लागली. क्षमानं डोळे मिटून घेतले.

"सात सातशे," डॉक्टरांचा आवाज आला. "मागचं किती होतं? ते तर तुमच्या दुभाष्यानं खाल्लं."

"सात चारशे," क्षमा डोळे न उघडताच म्हणाली. राजसची जन्मापासूनची सगळी वजनं तिला पाढ्यासारखी येत होती.

"म्हणजे तीनशे ग्रॅम वर. पंधरा दिवसांत! छानच की हो! रक्त नको, सांगली नको. माहेरी जायचं असेल तर खुशाल जा, माझ्या चिठ्ठीवर नाही."

क्षमानं डोळे उघडले. त्याच क्षणाला राजसनं छताकडे बघत, शांतपणे, एक लांब कमानदार धार सोडली. तव्यातून टेबलावर, टेबलावरून डॉक्टरांच्या बुटावर.

"आरं तिच्या! निम्मं वजन भाईर काडलं की रं पोरा," रंगूबाई ओरडल्या.

डॉक्टर बूट झटकत म्हणाले, "आता नेमकं सांगायचं, तर तवा पुसून पुन्हा मोजावं लागेल."

ताप नसतानाही तीनतीनदा थर्मामीटर लावणाऱ्या क्षमानं झडप घालून राजसला उचललं, आणि होता तसा, ओलाच, छातीशी धरला.

"नको. राहू दे. मघाचंच लिहा."