पंचावन्न किलोच्या आत

अंकितचं वजन छप्पन्न किलो शंभर ग्रॅम भरलं, तेव्हा तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला अठरा दिवस उरले होते. सतरा वर्षांखालच्या गटात पंचावन्न किलोच्या वर एक ग्रॅम चालत नाही. गावात भरवशाचा काटा एकच, अंगणवाडीतला, गरोदर बायांच्या वजनाचा. अंकितची आई कमला तिथे सेविका असल्याने त्याला तो वापरता यायचा. मात्र रांग सोडून पुढे जायला तिची परवानगी नव्हती. त्यामुळे शाळेच्या संघाचा पहिला चढाईपटू दोन बायांच्या मागे उभा राहिला होता. त्याचा आकडा बघून पुढची बाई म्हणाली, "तुयं बी वाढलं वाटते. कितवा महिना?"

अंकित चप्पल न घालताच घरी गेला.

कबड्डी शिकवणाऱ्या कैलास सरांनी त्याला रोज अर्धा तास सायकल मारायला सांगितलं. वजन उतरलं नाही तर त्याच्या जागी राकेश खेळणार होता. राकेशचं वजन त्रेपन्न होतं, आणि हल्ली तो शाळेत अंकितच्या समोरून जरा जास्तच हलक्या पावलांनी जाऊ लागला होता.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलला नेतो. म्हणून अंकितने ती ओसरीत स्टँडवर लावली, हँडलला मोबाइल बांधला आणि कबड्डीचे सामने बघत पायडल मारायला सुरुवात केली. अर्धा तास कसा गेला ते त्याला कळत नसे. उतरल्यावर तो सात पोळ्या खायचा आणि 'आज लय झालं' म्हणून संध्याकाळपर्यंत खाटेवर पडायचा. पाचव्या दिवशी काट्याने छप्पन्न किलो सहाशे दाखवलं.

त्याची बहीण मयुरी घरून रोज बसने जाऊन-येऊन हिंगणघाटला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एकदा रात्रभर लाइट नव्हती, मोबाइल बंद पडला, आणि अंकितने कुरकुरत नुसतीच सायकल मारली. त्या दिवशी त्याने चार पोळ्या खाल्ल्या आणि तो चेंडू घेऊन बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरू झाला, पोळ्या पुन्हा सात झाल्या, खाट पुन्हा भरली. एका निरीक्षणावर विश्वास ठेवू नये म्हणून मयुरीने मोबाइल लपवून तिसरा दिवसही पाहिला. पोळ्या चार.

"मॅच पाह्यत सायकल मारली का तू तीन पोळ्या जास्त खातं," ती त्याला म्हणाली.

"एवढा खेळ झाल्यावर भूक लागन नाई का?"

"खेळले ते. तू तं ओसरीतच होता."

अंकितला हे पटलं. पण बिनामोबाइलची सायकल मारायला तो काही घाण्याचा बैल नव्हता, आणि हे त्याने सायकलवरून सहाव्या मिनिटाला उतरून दाखवून दिलं. म्हणजे करमणूक हवी, पण भूक चाळवणारी नको, असा प्रश्न उरला.

बातम्या लावून पाहिल्या. त्याचे वडील प्रेमदास ग्रामपंचायतीत कारकून होते. दिवसभर लोकांचं ऐकून घेणारे. ते येऊन बसले आणि मोबाइलमधल्या माणसांशी भांडू लागले. त्या दिवशी बाप-लेक दोघांनीही सात-सात पोळ्या खाल्ल्या. मग कमलाच्या आवडीची मालिका लावली. त्या संध्याकाळी अंकित दीडच पोळी खाऊन उठला, म्हणून त्याला वाटलं उपाय सापडला. मयुरीने मात्र हा निकाल बाद केला, कारण मालिका बघायला कमलाही ओसरीत आली होती आणि गॅसवर गवारीच्या शेंगांचा कोळसा झाला होता. जेवण कुणालाच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कैलास सर अंकितला रागवायला म्हणून आले. रागावून झाल्यावर चहा आला, आणि चहाबरोबर सरांना त्यांची अठ्ठ्याण्णव सालची विभागीय स्पर्धा आठवली. गोष्ट कोण कोण कुणाच्या घरून निघालं इथून सुरू झाली. कुणाची चड्डी कुणी शिवली, कुणाच्या डब्यात काय होतं, ते सर तपशिलात सांगत होते. सायकलवर बसून ऐकणाऱ्या अंकितचे पाय हळूहळू जोरात चालू लागले. अर्ध्या तासाने तो उतरला, उभ्याउभ्या दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "सर, मी ग्राउंडवर जाऊन येतो." तो अंधार पडल्यावर परतला. तोवर सर गेले होते.

मयुरीने सकाळी शाळेत जाऊन सरांना विनंती केली, की तुमच्या गोष्टीने अंकितमध्ये फार फरक पडला, रोज आलात तर बरं होईल. सरांचे डोळे भरून आले. बावीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"सराले खोटं काऊन सांगतलं?" कमलाने विचारलं.

"खोटं कायचं, आई? फरक पडला मनलं. कोनता, ते त्यायनं इचारलंच नाई."

सर रोज साडेपाचला येऊ लागले. चौथ्या दिवशी गोष्टीतला त्यांचा संघ हिंगणघाटच्या बसस्टँडवर पोचला. तिथे बस चुकली. पाचवा दिवस दुसऱ्या बसची वाट बघण्यात गेला. अंकितची भूक गोष्ट सुरू होताच मरायची आणि गोष्ट थांबताच त्याच्या अंगात विलक्षण चपळाई यायची. तो ग्राउंडवर जायचा, कुणाच्याही शेतात निंदायला मदत करायचा, एकदा तर न सांगता शेजाऱ्यांचं दळण आणून दिलं.

"पोट्टं सुधारलं," शेजारीण कमलाला म्हणाली. "काय करून राह्यली तू त्याले?"

स्पर्धेच्या सकाळी, हिंगणघाटच्या मैदानावरच्या काट्यावर, अंकितचं वजन चोपन्न किलो आठशे ऐंशी भरलं. राकेशने त्याच्याकडे पाहिलं आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसला. शेवटच्या चढाईत अंकितने दोघांना बाद केलं आणि शाळा एका गुणाने जिंकली. जिल्ह्याचे सामने वर्ध्याला तीन आठवड्यांनी होते. सरांनी सर्वांसमोर अंकितच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की खेळाडू पायाने नाही, कानाने घडतो.

त्या दिवशी संघाला जेवण होतं. अंकितने अठरा दिवसांचं उरकून घेतलं. दुसऱ्या सकाळी काटा छप्पन्नवर होता. दुपारी सरांचा निरोप आला: उद्या रविवार, सकाळीच येतो, गोष्टीतला सामना अजून सुरू व्हायचा आहे.

रविवारी सर सात वाजता आले तेव्हा ओसरीत सायकल होती, अंकित नव्हता. तो पाचलाच उठून हिंगणघाट रोडने धावत गेला होता. मोबाइल घरीच होता. जाताना आईला म्हणाला होता, "आता मी रोज सकाळी असाच जात जाईन. सराले मना, तरास घेऊ नका."

कमलाने हे जरा सौम्य करून सांगितलं आणि तिला अंगणवाडीतली कामं आठवली. मयुरीने बस चुकेल म्हणून पिशवी उचलली. रविवारी तिचं कॉलेज नसतं, हे तिच्या लक्षात कोपऱ्यावर गेल्यावर आलं, पण ती वळली नाही.

ओसरीत प्रेमदास उरले, हातात पेपर घेऊन.

"हरकत नाई, प्रेमदासभाऊ," सर खुर्ची ओढत म्हणाले. "तुमाले तं पहिल्यापासूनच सांगा लागन. बसा निवांत."

प्रेमदासांनी दाराकडे पाहिलं. दारात सरांची खुर्ची होती. त्यांनी पेपरची नीट घडी घातली, धोतर सावरलं, आणि सायकलवर चढून मुकाट्याने पायडल मारायला लागले.