तारवातल्या प्रवाशांची यादी

एका जंगलात, बाळांनो, एक ग्रंथ होता. आता ही गोष्ट अगदी खरी आहे. मी शपथेवर सांगतो, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. म्हणजे, मीही घरीच होतो. पण जो तिथे गेला होता त्याच्या मेव्हण्याला मी चांगला ओळखतो, आणि तो माणूस सहसा खोटं बोलत नाही.

तर त्या जंगलात शिनगारे नावाचे एक पाद्रीबाबा राहायचे. त्यांनी एक छोटं प्रार्थनामंदिर बांधलं होतं. चार भिंती, वर कौलं, मागे झरा, आणि आत एका लाकडी पेटीत भलंमोठं बायबल. पाद्रीबाबा म्हातारे झाले आणि देवाघरी गेले. बायबल मागे राहिलं. बरीच वर्षं त्यावरून कुणाचंही भांडण झालं नाही, कारण कुणी ते उघडलंच नव्हतं.

मग कोल्हेगुरुजींनी ते उघडलं. त्यांना वाचता यायचं. निदान पान उलटता यायचं, आणि जंगलात तेवढं पुरतं.

गुरुजींना नेमकी जलप्रलयाची गोष्ट सापडली. जगभर पाणी चढतं, एक देवभीरू म्हातारा मोठं तारू बांधतो आणि सगळ्या जातींच्या प्राण्यांना आत घेतो, ती.

"अरे, हे तर आपल्याबद्दल आहे!" वाघसाहेब उठून बसले. ते जंगलाचे अध्यक्ष होते. निवडणूक झाली नव्हती, पण कुणाची हरकतही आली नव्हती.

"हा आपला इतिहास आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. "एकही अक्षर इकडचं तिकडे नाही."

एका हरणीने विचारलं, "गुरुजी, एके ठिकाणी प्रत्येकाची एक जोडी म्हटलंय, दुसरीकडे काहींच्या सात-सात म्हटलंय. मग खरं काय धरायचं?"

"दोन्ही."

"असं कसं?"

"श्रद्धेनं."

"हरणांच्या सातच असणार," वाघसाहेब ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. "लांबचा प्रवास होता, बाई. काहीतरी विचार करूनच नेल्या असतील."

हरणीने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

कावळेरावांनी मात्र विचारला. "सगळ्यांनी साठवलेला चारा खाल्ला असं लिहिलंय. साहेबांच्या पूर्वजांनी कडबा खाल्ला का हो?"

"ते रूपक आहे," गुरुजी म्हणाले.

"अस्सं. आणि पाणी ओसरलं का बघायला कावळा बाहेर सोडला, तो काही बातमी घेऊन आल्याचं लिहिलेलं नाही. ते?"

"तो इतिहास."

"वा रे वा! साहेबांचं ते रूपक आणि आमचा तो इतिहास?"

"तुम्हाला ग्रंथसमितीवर घेतलंय, कावळेराव. नैवेद्याची व्यवस्था तुमच्याकडे."

कावळेरावांनी जरा विचार केला. "वाचायला लागलं की यात खोल अर्थ दिसतो खरा," ते म्हणाले.

इतिहास म्हटला की पुरावा आला. प्रार्थनामंदिरामागे एक जुनी फळी सापडली. ती सुतारपक्ष्याकडे तपासायला दिली. त्याने चोच मारली, आतली अळी काढून खाल्ली आणि डोळे मिटून सांगितलं, "चव फार प्राचीन आहे." तेवढ्यावर फळी तारवाची ठरली. तिला दोन खिळ्यांची भोकं होती, म्हणून तारवाला दोन दारं होती हेही ठरलं. एक मान्यवरांसाठी, एक इतरांसाठी.

झऱ्याकाठी एक म्हातारं कासव पडून असायचं. पाद्रीबाबा रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचे तेव्हा ते ऐकायला असे. सगळे त्याला कासवआजोबा म्हणत. आजोबा म्हणाले, "ती फळी बाकाची आहे रे. माझ्यासमोर मोडली."

"आजोबांचं वय झालंय," गुरुजी म्हणाले.

मग गुरुजींनी नियम केला. तारवातून आलेल्यांनीच प्रार्थनामंदिराच्या आवारात राहायचं. उपऱ्यांनी ओढ्यापलीकडे जायचं. पलीकडे पाणी नव्हतं, सावली नव्हती, आणि उन्हाळा तोंडावर होता. कोण तारवात होतं याची यादी करायला गुरुजी स्वतःच बसले. यादी मोठी झाली. तीत वाघ आले, कोल्हे आले, कावळे आले, सुतारपक्ष्याचे चुलतेही आले.

खवलाई आली नाही.

खवलाई म्हणजे खवले मांजर. भिंतीखालच्या बिळात राहायची, मुंग्या नि वाळवी खायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं बीळ उन्हाळ्यात गार असायचं आणि पावसाळ्यात कोरडं. गुरुजींचं बीळ दोन्ही ऋतूंत उलटं होतं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं गुरुजींनीच मला, म्हणजे त्या मेव्हण्याला सांगितलंय.

सुनावणी झाली. खवलाई पिल्लाला शेपटीवर बसवून आली. पिल्लू दहा दिवसांचं होतं.

"बाई, तुमचे पूर्वज तारवात असल्याचा काही पुरावा?" गुरुजींनी विचारलं.

"माझी आजी इथेच राहायची, गुरुजी."

"आजी म्हणजे इतिहास नव्हे. ग्रंथात तुमचं नाव नाही."

"आता कुठे जाऊ? हे चालतही नाही अजून."

तेव्हा कासवआजोबांनी मान बाहेर काढली. "गुरुजी, त्या गोष्टीत वाघाचं तरी नाव आहे का?"

वाघसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पान उलटलं.

"साहेब 'सर्व पशू' यात येतात," ते म्हणाले.

"मग ही कशात येते?"

"ही 'इतर'मध्ये. इतरांचा ग्रंथात उल्लेख नाही."

"पाद्रीबाबांनी कधी यादी केली नाही," कासवआजोबा म्हणाले. "तारवाचं दार बंद होतं ना, तिथे ते थांबायचे. डोळे पुसायचे. म्हणायचे, बाहेर कोण राहिलं असेल रे?"

"पाद्रीबाबा भला माणूस," गुरुजी म्हणाले. "पण इतिहासाची शिस्त नव्हती त्यांना."

मतदान झालं. हरणीने आधी वाघसाहेबांकडे पाहिलं, मग पाय वर केला. त्याच दुपारी खवलाई पिल्लाला घेऊन ओढा ओलांडून गेली. दिवेलागणीच्या आत गुरुजींचं सामान तिच्या बिळात आलं होतं.

आता बाळांनो, भिंतीखालची वाळवी खाणारं कुणी राहिलं नाही. वाळवीला यादी वाचता येत नाही. ती भिंतीतून पेटीत गेली आणि पेटीतून ग्रंथात. तिने इतिहास खाल्ला, रूपक खाल्लं, एक जोडीची ओळ खाल्ली, सातांची खाल्ली. कशातच भेद केला नाही. एवढा समभाव त्या जंगलात याआधी कुणी दाखवला नव्हता.

पुढच्या वर्षी गुरुजींनी ग्रंथ उघडला. आत माती होती. वर-खाली पुठ्ठा तेवढा शाबूत.

गुरुजींनी तो हळूच मिटला. डोक्यावर घेतला. बाहेर येऊन म्हणाले, "आज आपण नवीन अध्याय वाचू." त्या अध्यायात तारू कोल्ह्याने बांधलं होतं.

"तंतोतंत!" वाघसाहेब म्हणाले.

ओढ्यापलीकडे खवलाईने दगडांत कसंबसं एक बीळ खणलं होतं. पाण्यासाठी ती रोज चोरून झऱ्यावर यायची. पिल्लू आता बोलायला लागलं होतं.

"आई, आपण खरंच नव्हतो का गं तारवात?"

"काय माहीत, बाळा. पण आपण आहोत ना? म्हणजे कुणीतरी दार उघडलं असणार."

तात्पर्य: धर्मग्रंथ वाळवीपासून जपावा, असं तुम्हाला वाटलं असेल. छे छे. पानं शाबूत राहिली तर एखाद्याने ती वाचून बघण्याची भीती असते. जपायचा तो पुठ्ठा. त्यातून हवा तो इतिहास निघतो आणि एकही ओळ आडवी येत नाही.

आता यात मी रचलेलं काय, ते सांगून टाकतो. वाघ खरा, कोल्हा खरा, फळीही खरी. कासवआजोबा सुनावणीत बोलले, तेवढं मी पदरचं घातलं. त्या दिवशी कुणीच काही बोललं नव्हतं.