शांततेचा सुधारित मसुदा

युद्धाच्या एका व्हिडिओ गेमला संगीत देण्याचे काम एका संगीतकाराला मिळाले आणि त्याने ते मनापासून केले. सगळे बिघडले ते इथूनच.

त्या गेममध्ये एक म्हातारा शिपाई होता. तो खेळणाऱ्याला पहिल्यापासून सांभाळून घेई, वाट दाखवी, स्वतःजवळची काडतुसे देई आणि शेवटी एका पुलावर मरून पडे. या प्रसंगासाठी संगीतकाराने एकट्या व्हायोलिनची लहानशी धून बांधली. चाचणीच्या खोलीत बसवलेली माणसे ती ऐकून रडली. हिशेबनीस केवळ एक सही घ्यायला आत आला होता. तोही रडला आणि सही न घेताच निघून गेला.

ताबडतोब बैठक बोलावण्यात आली. 'अनुभव विभागा'च्या मॅडम अध्यक्षस्थानी होत्या.

"धून अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "अडचण तीच आहे."

"म्हणजे?" संगीतकाराने विचारले.

"माणूस रडला की डोळे पुसतो. डोळे पुसायला हात लागतो. आणि नेमका तेव्हा तो हात आम्हाला बटणावर हवा असतो. पुलापलीकडे बंदुकांचं दुकान आहे."

"मग मी दुःख थोडं कमी करू का?"

"छे छे! दुःख ठेवायचंच. पण सरसकट नको."

त्यानुसार 'शोकसुविधा' सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्यांना व्हायोलिन मिळणार होते. बाकीच्यांसाठी शिपाई कोरडाच मरणार होता.

"आणि त्या फुकट्यांना काय ऐकू येणार?" संगीतकाराच्या बायकोने रात्री जेवताना विचारले. ती दातांची डॉक्टर होती, त्यामुळे वेदनेचे वर्गीकरण तिला नवे नव्हते.

"वारा. मग तोही थांबतो. मग काहीच नाही."

"बापरे!" ती म्हणाली आणि घास हातात धरून गप्प बसली.

तिचे हे गप्प बसणे मॅडमनी पाहिले असते, तर पुढचा घोळ टळला असता. कारण घडले ते असे, की फुकटे जास्त रडले. पूल, पडलेला म्हातारा आणि कसलाच आवाज नाही. लोक हुंदके देऊ लागले. ते पाहून वर्गणीदार खवळले. 'पैसे मोजूनही आम्हालाच कमी रडू येते, हा ग्राहकांवर अन्याय आहे,' अशा तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने न्याय केला. व्हायोलिन सर्वांना मोफत झाले आणि शांतता वर्गणीदारांसाठी राखून ठेवण्यात आली.

परंतु राखीव वस्तूला कुणीतरी कर्ता लागतो. संगीतकाराला रीतसर शांतता रचून सादर करण्यास कळवण्यात आले. त्याने सादर केली. ती शेऱ्यासह परत आली: 'शांतता किंचित जड वाटते. तरुणांना झेपेल अशी करावी.' त्याने तीच शांतता नवे नाव देऊन पुन्हा पाठवली. "आता कसं मोकळं वाटतंय!" मॅडम म्हणाल्या. कायदा विभागाने मात्र ही शांतता दुसऱ्या कुणाची उचललेली नाही, असे लिहून मागितले. संगीतकाराने तसे लिहून सही केली.

त्याचे नाव झाले. मुलाखतींमध्ये लोक त्याला 'शांततेचे संगीतकार' म्हणू लागले आणि ध्वनिनाट्ये काढणाऱ्या एका निर्मातीने त्याला बोलावून घेतले. ही बाई निराळी होती. तिला काम कळत होते.

"शेवटी एक प्रसंग आहे," ती म्हणाली. "भांडून घर सोडून गेलेली मुलगी खूप वर्षांनी दारात येते. विचारते, बाबा, मला माफ कराल? बाबा म्हणतात, हो, ये. या दोन वाक्यांच्या मध्ये मला तुम्ही हवे आहात."

संगीतकाराने तिथे एकही सूर घातला नाही. बापाचे काम करणारे ज्येष्ठ नट म्हणाले, "मी थांबू किती?"

"खरंच माफ करावंसं वाटेपर्यंत."

नट थांबले. थांबले, थांबले आणि मग 'हो' म्हणाले. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक तोंड फिरवून चष्मा पुसत बसला. संगीतकार हलका होऊन घरी गेला. खूप दिवसांनी त्याला आपण खरे काम केल्यासारखे वाटले. दूरच्या गावी राहणाऱ्या आईला त्याने आपणहून फोन केला. "आई, हे मात्र नक्की ऐक हं."

नाटक मोबाइलच्या अ‍ॅपवर आले. त्या अ‍ॅपमध्ये 'मौन वगळा' नावाची सोय होती आणि श्रोत्यांचा वेळ वाचावा म्हणून ती आधीपासूनच चालू ठेवलेली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मला माफ कराल?" आणि बाप तिच्या वाक्याला वाक्य चिकटवून म्हणाला, "हो, ये." शेजारणीने वाटीभर साखर मागावी आणि मिळावी, तसे. अभिप्राय उत्तम आले. 'वडील समजूतदार दाखवले आहेत.' 'नाटकाला वेग आहे.'

संगीतकाराने अ‍ॅपच्या मदत केंद्राला फोन लावला.

"तुम्ही आमचा एक भाग कापताय."

"सर, त्या भागात काही आवाज आहे का?"

"नाही."

"बोलणं? संगीत?"

"नाही हो, काहीच नाही!"

"मग सर, कापलं काय?"

संगीतकाराने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. पलीकडच्या मुलीने मनापासून धीर दिला, "थोडं व्हायोलिन टाका ना तिथं. मग नाही कापलं जाणार."

तो फोन ठेवून जिना उतरत असताना आईचा बोलका निरोप आला. आईचा फोन जुना होता. त्यावरच्या जुन्या अ‍ॅपमध्ये वगळण्याची कसलीही सोय नव्हती, म्हणून तिने सगळे नाटक आहे तसे ऐकले होते. संगीतकाराने निरोप सवयीप्रमाणे दुप्पट वेगाने लावला. त्याचा फोन नवा होता आणि रिकाम्या जागा आपोआप गाळत होता. "नाटक ऐकलं रे छान झालंय घरी कधी येतोस," असे एका दमात ऐकू आले. त्याने अंगठ्याचे चित्र पाठवले आणि गाडी शोधू लागला.

निरोप तसा मोठा होता. 'छान झालंय' आणि 'घरी कधी येतोस' यांच्या मध्ये आई किती वेळ थांबली होती, हे त्याला कळले नाही.

त्याला नावे ठेवायला हरकत नाही. फक्त त्याआधी तुमच्या फोनमधला तो निरोप एकदा सावकाश ऐकून घ्या. कुणाचा, ते तुम्हाला माहीत आहे. अंगठा तर तुम्ही पाठवलेलाच आहे.