सहा महिने पूर्ण झालेल्या शिवमचे भोजन

आमचे चिरंजीव शिवम यांना सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा मुदखेडात त्यांच्या आहाराची माझ्याइतकी माहिती असलेला दुसरा माणूस नव्हता. मी तालुक्याच्या बालपोषण कार्यालयात आहार विस्तार अधिकारी आहे. अकरा वर्षे मी गावोगावच्या आयांना, बाळाला वरचे अन्न कधी, किती आणि कसे द्यावे, यावर व्याख्यान देत आलो. एकाही बाळाला घास भरवण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता. पदाला त्याची आवश्यकता नव्हती.

सहा महिने भरले त्याच सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवले. साडेदहा आणि पाच. दोन वेळा, दोन-तीन चमचे, मऊ शिजवलेली मुगाची खिचडी. नवा पदार्थ तीन दिवसांनंतरच.

शिवम नऊ वाजता रडू लागला.

"आवं, भूक लागली त्याला," मंजुश्री म्हणाली. ती माझी पत्नी, माहेर बिलोलीचे.

"साडेदहाला देऊ. वेळ एकदा मोडली की मोडतच जाते."

साडेदहाला शिवम गाढ झोपला होता. मी त्याला उठवले. खिचडी चमच्यावरून ओघळता कामा नये, हे मी शेकडो आयांना सांगितले होते, म्हणून चमचा तिरपा करून तपासला. ओघळली. मंजुश्रीने ती आणखी आटवली. आता ती चमचा उलटा केला तरी पडेना. कोमट पाणी घातले, पुन्हा तपासली. ती बरोबर झाली तेव्हा गार झाली होती. गरम केली तर पुन्हा घट्ट झाली. सव्वाअकराला पहिला चमचा शिवमच्या ओठाला लागला. त्याने तोंड फिरवले. मी वहीत नोंद केली : 'लाभार्थ्याचा प्रतिसाद असमाधानकारक.'

"लाभार्थी कोण?" मंजुश्रीने विचारले.

दुसऱ्या आठवड्यात लाभार्थ्याने वाटीत हात घातला. हा स्वच्छतेचा भंग होता. तेव्हापासून मंजुश्री त्याचे दोन्ही हात धरायची आणि मी चमचा पुढे करायचो. शिवम ओठ मिटून माझ्याकडे असा बघायचा, की तपासणीला आलेले वरिष्ठ आठवावेत. बिलोलीहून सासरे शेषेराव फोनवर म्हणाले, "जावईबापू, तुमी जेवताना घ्या की त्याला मांडीवर." मी त्यांना समजावले की मोठ्यांचे जेवण आणि बालकांचा आहार हे दोन स्वतंत्र विषय आहेत. मग वेळापत्रकात तिसरी वेळ वाढवली. तो दोनदा नाही म्हणायचा, आता तीनदा म्हणू लागला.

आठवा महिना भरला त्या दिवशी आम्ही त्याला अंगणवाडीत वजनाला नेले. तिथल्या सेविका लुबनाबी बावीस वर्षांच्या नोकरीच्या, आणि दर महिन्याला त्यांच्या कामावर शेरा मारणारा मी. त्यांनी शिवमला काट्याच्या झोळीत ठेवले.

"सहा किलो आठशे," त्या म्हणाल्या. वही चाळली. "दोन महिन्यांमागं सहा नऊशे होतं, साहेब."

"काटा बिघडलाय."

त्यांनी शिवमला मंजुश्रीकडे दिले, कपाटातून साखरेचा किलोचा पुडा काढला आणि रिकाम्या झोळीत ठेवला. काटा बरोबर एक किलोवर थांबला. शिवमचे नाव पिवळ्या यादीत, म्हणजे कमी वजनाच्या बालकांत जाणार होते. ती यादी सहीसाठी माझ्याच टेबलावर येते.

मी आवाज खाली केला. "सात-पाचशे लिहा."

"लिहिते की. तुमी तसं लेखी द्या."

बाकावर बसलेल्या बाया आपापल्या लेकरांच्या टोपड्यांशी चाळा करू लागल्या. त्यातल्या बहुतेकींना मी व्याख्यान दिलेले होते.

लुबनाबींनी सहा किलो आठशे लिहिले. घरी जाताना मोटारसायकलवर मंजुश्री मागे बसली होती, शिवम आमच्या दोघांच्या मधे. त्याचा गाल माझ्या पाठीला टेकला होता. इतके हलके वजन पाठीला कळते, हे मला ठाऊक नव्हते. मी फार भ्यालो होतो.

नियमानुसार पिवळ्या यादीतील बालकाच्या पालकांचे समुपदेशन विस्तार अधिकाऱ्याने करावयाचे असते. मी ते त्याच संध्याकाळी केले. मंजुश्रीला समोर बसवून सबंध व्याख्यान दिले आणि 'पालक' या रकान्यात सही करून 'अधिकारी' या रकान्यातही सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुबनाबी न बोलावता घरी आल्या. त्यांनी वेळापत्रक पाहिले, मग वही, मग शिवमला.

"तुमी लोक जेवता कधी?"

"त्याचं झाल्यावर," मंजुश्री म्हणाली.

"म्हंजे ह्यानं कुणाला जेवताना बघितलंच न्हाई?" त्या जमिनीवर बसल्या. "ताट वाढ गं मंजुश्री. सायबाचं बी वाढ."

त्यांनी शिवमला मांडीवर घेतले. मऊ भात आणि बिनतिखटाचे घट्ट वरण त्याच्यापुढच्या ताटलीत कुस्करले आणि आपले हात मागे घेतले. "तुमी खावा. त्याच्याकडं बघू नका, बघितलं तर हसा."

मी घास घेतला. शिवमने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग ताटलीत पंजा रोवला. अर्धा भात नाकाला, थोडा कानाला आणि थोडासा खरोखर तोंडात गेला. तो चाखत राहिला. पुन्हा पंजा रोवला. मी पुसायला फडके उचलले.

"राहू द्या साहेब. लेकरू जेवून राहिलं."

ताटली रिकामी झाली. मंजुश्री रडत होती. मी वरणात तिखट फार आहे असे म्हणालो. त्यात तिखट नव्हतेच.

महिन्याने शिवम सात किलो तीनशे भरला आणि त्याच दिवशी मी चौदा पानांचे परिपत्रक काढले : 'स्वहस्त सहभोजन अभियान.' प्रत्येक घराने आणि अंगणवाडीने दुपारी एक वाजता एकत्र बसावे. बालकाचा उजवा पंजा ताटलीत असल्याचे तीन बाजूंनी छायाचित्र कार्यालयाच्या ॲपवर चढवावे. छायाचित्र मंजूर झाल्यावर भोजनास प्रारंभ करावा.

पहिल्याच दिवशी लुबनाबींचा फोन आला. मागे रडण्याचा कल्लोळ होता.

"साहेब, नेट न्हाई. फोटो जाईना. पंधरा लेकरं ताटल्या पुढं घेऊन बसलीत. खाऊ देऊ का?"

"जरा थांबा," मी म्हणालो. "वर विचारून सांगतो."

हा सगळा प्रकार मी परवा नांदेडला एका बारशात सांगितला. लोक पोट धरून हसले. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांच्या मांडीवर वर्षाचे लेकरू. "कमाल लोक हो तुम्ही," ते मला म्हणाले, "लेकरू सोडून कागदाकडं बघता!" बोलताना ते माझ्याकडे बघत होते. लेकरू समोर उभ्या केलेल्या मोबाईलमधले कार्टून बघत होते. मधल्या मधे गृहस्थांच्या हातातला चमचा आपोआप त्याच्या तोंडात जात होता आणि काय गिळले, याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

मी त्यांना काही बोललो नाही. तुम्हालाही बोलणार नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय, आणि मांडीवर लेकरू असेल तर हातातला चमचा कुठवर गेला, ते तुम्हीच बघा.