कुलूप ओढणारे आमदार

आमचे आमदार कुलूप दिसलं की ओढून बघतात. कुलूप कुणाचंही असो. बँकेचं, देवळातल्या दानपेटीचं, शाळेच्या कपाटाचं. भाषणाला उठताना वाटेत माइकच्या पेटीला कुलूप दिसलं, तर आधी ते ओढतात, "हं" म्हणतात आणि मग "बंधू-भगिनींनो" म्हणतात.

ईशान, तन्वी, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकलेल्या ज्या गृहस्थांचा फोटो तुम्ही पाहिलात, ते हेच. तो फोटो पाहून तुमच्या बाबाने त्याच दिवशी फोन केला होता. "आई, आता पुरे. घर विकू आणि तू इकडे ये." मी या घरात राहायचं की नाही, हे त्या खिडकीवर येऊन ठेपलं होतं. म्हणून सगळं क्रमाने सांगते. क्रमाने सांगायची सवय मला शाळेत इंग्रजी शिकवून लागली. "पहिल्यापासून सांगा" म्हणायची सवय त्यांना पोलीस खात्याने लावली. त्यामुळे आमचं जमतं.

त्यांचं नाव जनार्दन थळे. आपल्या खाडीकाठच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातले. वडील लवकर गेले, आईने मीठ वाहून शिकवलं. ते फौजदार झाले आणि सगळी नोकरी मुंबईत नाहीतर घाटावर केली. रात्रीच्या गस्तीवरच्या पोलिसाने बाजारातून जाताना प्रत्येक दुकानाचं कुलूप ओढून बघायचं असतं. नोकरी संपली, हाताची सवय संपली नाही.

निवृत्त होऊन गावात आले, तेव्हा आमदार होण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. पण लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. कुणाचा बांध सरकला, कुणाची होडी सुटली. ते आधी चहा पाजायचे, मग "पहिल्यापासून सांगा" म्हणायचे, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "पंच कोण?" पंच म्हणजे साक्षीला उभी राहणारी माणसं. पंच नसेल तर तक्रार नाही. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटायच्या, कारण पंच शोधायला गेलेला माणूस वाटेत शहाणा व्हायचा.

मग निवडणूक आली आणि लोकांनी त्यांनाच उभं केलं. त्यांच्या प्रचाराचा टेम्पो नाक्यावर आडवा उभा होता, तर यांनी स्वतः हवालदाराला बोलावून त्याला दंड करायला लावला. ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "साहेब, आपलाच टेंपो हाय!"

"म्हणून तर," साहेब म्हणाले. "दुसऱ्याचा असता तर समज देऊन सोडला असता."

ते निवडून आले. माझी समजूत अशी की त्या टेम्पोवरच आले.

विधानसभेतलं त्यांचं पहिलं भाषण मी टीव्हीवर पाहिलं. पंचनामा लिहायची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की "सदर रस्ता दक्षिणोत्तर असून सदर रस्त्यावर सदर खड्डे समक्ष पाहिले" अशी सुरुवात झाली. पुढे एका मंत्र्यांचा उल्लेख "सदर इसम" असा झाला. सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. बसण्यापूर्वी त्यांनी अध्यक्षांना खाडकन सॅल्यूट ठोकला.

दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन तर मी समोर बसून पाहिलं. फीत कापण्याआधी त्यांनी औषधाच्या खोलीचं कुलूप ओढलं. कुलूप चांगलं होतं. कडी-कोयंडा मात्र भिंतीच्या पोपड्यासकट हातात आला. बँडवाले वाजवत राहिले. कंत्राटदार हार घेऊन उभा होता, तो हार खाली ठेवून निघायच्या बेतात होता.

"थांबा," साहेब म्हणाले. "तुम्हीच पहिले पंच."

भिंत पुन्हा बांधून झाली, तेव्हा फीत कापली गेली. आज मी रक्तदाब तपासायला तिथेच जाते.

आमदार म्हणून त्यांच्या संरक्षणाला शिंदे नावाचा एक पोलीस दिलेला आहे. शिंदे गुणी आहे, पण दुपारी जेवला की त्याला झोप येते. मग तो ओट्यावर घोरतो आणि आमदार शेजारी खुर्ची टाकून त्याच्यावर पहारा करतात. कुणी आलं तर बोट ओठांवर ठेवून सांगतात, "हळू बोला. बंदोबस्तावर हाय तो."

आता माझ्याकडे येते. तुमचे आजोबा गेल्यावर मी एकटी राहते, हे त्यांना कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. मी आतूनच "कोण?" म्हटलं.

"काय न्हाय बाई. हाय ना?"

"आहे हो."

"हां." आणि पावलं पुढे गेली.

तेव्हापासून रोज. गावात ज्यांची मुलं लांब आहेत, अशा प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दाराची कडी ते वाजवतात. अधिवेशनाला मुंबईला गेले तर हे काम आपल्या शेजारच्या सुमनला नेमून जातात, आणि मांडव्याला लाँचमधून उतरले की घरी जायच्या आधी फेरी पूर्ण करतात. मी एकदा म्हटलं, "थळेसाहेब, फोन करत जा ना. आमदारांनी कशाला पायपीट करायची?"

"फोन कोन बी उचलतं, बाई. कडी वाजवली की घर बोलतं."

मी बाहेर गेलेली असले तर दाराला कुलूप असायचं. मग ते कुलूप ओढून जायचे. आता तुम्हीच सांगा, आधीच समुद्राची खारी हवा आणि त्यात पोलिसी हात. कुलूप खिळखिळं झालं आणि एक दिवस लागेनाच. मला अलिबागला बँकेत जायचं होतं. मी पुढच्या दाराला आतून कडी घातली, मागच्या दाराला दुसरं कुलूप लावलं आणि पहाटेची एसटी धरली. सुमनला सांगायचं होतं, पण ती मासळी घ्यायला बंदरावर गेली होती.

साहेब आले. कडी वाजवली. उत्तर नाही. दार ढकललं, तर कडी आतून. म्हणजे माणूस आत. हाका मारल्या. मग ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावले. गंजलेले गज त्यांनी उपटले आणि आत शिरले. निम्मेच शिरले. निवृत्तीनंतर पोट वाढलेलं, ते चौकटीत बसलं.

मी परतले, तर अंगणात निम्मं गाव. शिंदे बाहेरच्या दोन पायांना धक्का देत होता. मी मागून कुलूप काढून स्वयंपाकघरात गेले. तिथे उरलेले आमदार होते. मी लेबलं लावून ओळीने ठेवलेले मसाल्याचे डबे त्यांनी हातांनी सावरून धरले होते. हळदीचा तेवढा निसटला होता. तोंड पिवळंधमक.

मला पाहताच त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि दरडावून विचारलं, "कुठं होता?"

"बँकेत."

"पहिल्यापासून सांगा!"

"आधी बाहेर या, मग सांगते."

खिडकीबाहेरून सुमन ओरडली, "बाय, साहेबांना हळद लागली! आता वरात काढा!" आणि कुणीतरी फोटो काढला, तो तुमच्यापर्यंत पोचला.

तुमच्या बाबाशी साहेब संध्याकाळी स्वतः बोलले. व्हिडिओवर. मानेला अजून हळद होती. बाबा नम्रपणे म्हणाला, "साहेब, आज चुकून झालं. पण उद्या खरंच काही झालं तर?"

"तर मला सकाळीच कळंल," साहेब म्हणाले. "तिथं नेलीत तर तुमी दोघं कामावर, पोरं शाळेत. तिथं कडी कोन वाजवनार?"

बाबाने पडद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या आई माझ्या हद्दीत हायत," साहेब म्हणाले. "मी हाय तवर ऱ्हाऊ द्या. वाटलं तर पंच आनतो."

बाबा हसला. खूप दिवसांनी मोकळं हसला. घर विकायचं राहिलं.

फोन ठेवून झाल्यावर मी चहा केला. एक गोष्ट मला उलगडत नव्हती. मी म्हटलं, "थळेसाहेब, शिंदेला तुम्हीच शिकवता, बंद घर दिसलं की आधी मागचं दार बघ. मग आज तुम्हीच कसे विसरलात? मागे तर कुलूप दिसत होतं."

ते बशीतल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कडी आतून होती ना, बाई."

"म्हणून काय?"

"आईच्या दाराची बी आतूनच होती. मी बंदोबस्तावर. रजा मिळाली, आलो, तर शेजारी बोलले, म्हातारी सकाळधरनं झोपलीय. कुनी कडी वाजवली न्हाय. उगा कशाला उठवा." त्यांनी बशी खाली ठेवली. "सगळ्या मुंबईची कुलपं ओढत होतो मी."

मग उठले, खिडकीच्या मोकळ्या चौकटीवरून हात फिरवला आणि "उद्या सुताराला धाडतो" म्हणून गेले.

खिडकीला नवे गज बसले. पुढच्या दाराला मी भक्कम पितळी कुलूप आणलं. ते त्यांनी मन लावून ओढलं आणि "हं" म्हणाले.

त्यांच्याही घरी दुसरं कुणी नाही. लग्न बदल्यांमध्ये राहून गेलं म्हणतात. लोकांची गर्दी दिवसभर असते. दिवेलागणीला ती पांगते, शिंदे जेवायला जातो आणि दार लोटलेलं असतं. मी त्या वेळी फिरायला निघते, तेव्हा आता त्यांच्या घरावरून जाते. पहिल्या दिवशी मी कडी वाजवली, तर आतून पोलिसी आवाज आला, "कोन हाय?"

"गस्त," मी म्हटलं. "आहात ना?"

आत खुर्ची सरकली.

"हाय, बाई," ते म्हणाले. "हाय."

"हां," म्हटलं, आणि मी पुढे निघाले.